अळीच्या झाडापासून सुरुवात करा

तिरफळं घातल्याशिवाय बांगड्याचं तिखलं होत नाही, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. त्याच तिरफळाच्या पाल्यावर मलबार बँडेड पीकॉक हे फुलपाखरू अंडी घालतं, हे मात्र ज्यांच्या परसात ते झाड आहे त्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. काळ्या पंखांवर निळसर हिरव्या रंगाचा झळाळता पट्टा असलेलं हे फुलपाखरू जगात फक्त पश्चिम घाटात सापडतं. केरळने 2018 मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. सिंधुदुर्गातल्या दाट रानांतही ते उडतं, पण बराचसा वेळ झाडांच्या शेंड्यांवरून, म्हणून दिसतं क्वचित. त्याला शोधायचं तर आभाळाकडे डोळे लावून फिरण्यापेक्षा आधी रानातली तिरफळाची झाडं हेरावीत, त्यांची जागा लिहून ठेवावी आणि पावसाळ्यात पुन्हा पुन्हा त्यांच्या पाल्यापाशी जावं.

दुर्मीळ फुलपाखरं शोधू पाहणाऱ्या आणि ती टिकावीत असं मनापासून वाटणाऱ्या वाचकांना माझं पहिलं सांगणं हेच आहे. पंख फुटलेलं फुलपाखरू मधासाठी दहा तऱ्हेच्या फुलांवर बसतं, पण त्याची अळी खाण्याच्या बाबतीत कमालीची हट्टी असते. पुष्कळ जातींच्या अळ्या एकाच कुळातल्या, काही तर एखाद्दुसऱ्याच वनस्पतीची पानं खातात. दुसरा पाला पुढे ठेवला तर त्या उपाशी मरतात. सदर्न बर्डविंगच्या अळीला ईश्वरीची, म्हणजे सापसंदाची वेल किंवा तिच्याच कुळातली एखादी वनस्पती लागते. ग्रेट ऑरेंज टिपला वाघाटी किंवा वायवर्ण चालतो. सदाहरित रानात कागदाच्या कपट्यासारखं तरंगत जाणारं मलबार ट्री निम्फ आपली अंडी पार्सोन्सिया नावाच्या वेलीवर सोपवतं. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळावर वाढतं. रानात माकडलिंबू, परसात कागदी लिंबू किंवा पपनस. त्याला दोन्हीकडे घर मिळतं म्हणून ते आज सर्रास दिसतं. ज्यांना दुसरीकडे घर मिळत नाही, ती दुर्मीळ होतात.

भारतात फुलपाखरांच्या 1,300 हून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या सुमारे 330 पश्चिम घाटात आढळतात. दक्षिणेकडच्या ओल्या रानांतल्या अनेक जातींची उत्तरेकडची हद्द गोवा, तिळारी आणि आंबोलीच्या आसपास येऊन संपते. या पट्ट्यातल्या एखाद्या ओहोळाकाठची शे-दीडशे मीटरची झाडी गेली, तर काही जातींची हद्द तेवढीच मागे सरकते.

फुलांवरच्या गर्दीला भुलू नका. दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेला रानमोडी फुलते तेव्हा तिच्यावर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. नरांना गंधद्रव्य तयार करायला लागणारे अल्कलॉइड त्यांना तिथे मिळतात. पाहणाऱ्याला वाटतं, रान किती समृद्ध आहे! पण रानमोडी किंवा घाणेरी माजली की खालची देशी झुडपं आणि वेली गुदमरतात आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या अळ्यांची उपासमार होते.

केव्हा जावं, काय पाहावं

कृष्णमेघ कुंटे यांनी उत्तर सह्याद्रीतल्या चार प्रकारच्या अधिवासांचा अभ्यास करून 1997 मध्ये निष्कर्ष मांडला, की पावसाळा सरताना आणि हिवाळ्याच्या तोंडाशी फुलपाखरांची संख्या आणि विविधता सर्वाधिक असते. गणेशोत्सवापासून दिवाळीनंतरच्या आठवड्यांपर्यंतचा हा काळ कुठल्याही नवख्या माणसाने वाया घालवू नये. भर पावसातही जावं, पण उघडीप बघून. दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं की पानापानावर पंख पसरून बसलेली फुलपाखरं अंग शेकून घेत असतात आणि त्या वेळी ती जवळ येऊ देतात. एरवी सकाळी नऊ ते दुपारी बाराची वेळ चांगली. बांबूच्या बेटांतली ईव्हनिंग ब्राउनसारखी तपकिरी फुलपाखरं मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला हलतात. त्यांच्यासाठी उशिरापर्यंत थांबावं लागतं.

शेंड्यांवर राहणारी फुलपाखरं खाली कशासाठी येतात हे कळलं की निम्मं काम झालं. नर ओल्या वाळूतले क्षार शोषायला ओढ्याकाठी उतरतात. राजा आणि नवाब ही दणकट फुलपाखरं सडक्या फळांवर, झाडाच्या चिकावर, शेणावर, मेलेल्या खेकड्यावर येतात. मादी अंडी घालायला झाडाच्या उंचीपर्यंत येते आणि पानाला पायांनी स्पर्श करून चव घेत फिरते. एखादं फुलपाखरू फुलाकडे दुर्लक्ष करून एका झुडपाच्या पानांवर पुन्हा पुन्हा टेकत असेल तर कॅमेरा बाजूला ठेवा आणि ते कुठलं झुडूप आहे ते बघा. मादी उडून गेल्यावर पान हळूच उलटून पाहा. मोहरीएवढं अंडं सापडलं तर तुम्ही त्या फुलपाखराविषयी पन्नास फोटोंपेक्षा अधिक माहिती मिळवली आहे.

वनस्पती ओळखायला गावातल्या माणसांची मदत घ्या. सापसंद कुठल्या बांधावर आहे, वाघाटीची फळं आषाढी द्वादशीसाठी कुठून आणतात, माकडलिंबू कुठल्या राईत आहे, हे वैदू, गुराखी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं. फुलपाखरांच्या पाहणीत या माणसांना फार कमी वेळा विचारलं जातं आणि त्यामुळे कित्येक चांगल्या जागा नजरेआड राहतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकदा जागा ठरली की एकच वाट धरा. ब्रिटनमध्ये 1976 पासून देशभर चालू असलेली मोजणीची पद्धत साधी आहे: ठरलेल्या वाटेवरून एकसारख्या संथ चालीने जायचं, समोर सुमारे 5 मीटर आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरच्या आत जी फुलपाखरं दिसतील तेवढीच मोजायची. दर आठवड्याला नाही जमलं तर पंधरवड्याला. आपल्या दाट रानात या मोजणीतून शेंड्यावरची फुलपाखरं सुटतात, हे खरं. तरीही पाच वर्षं त्याच वाटेवर केलेल्या नोंदींना जे मोल आहे ते पन्नास ठिकाणी एकेकदा केलेल्या भटकंतीला नाही. काही दिसलं नाही त्या दिवसाचीही नोंद करा. जात कमी होते आहे हे त्या रिकाम्या दिवसांवरूनच पुढे सिद्ध करता येतं.

फोटो काढताना आधी मिटलेल्या पंखांची खालची बाजू घ्या. ब्लू आणि स्किपर गटांतल्या जाती बहुतांशी खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरून आणि रेषांवरून ओळखल्या जातात. वरून त्या एकमेकींसारख्याच निळ्या किंवा तपकिरी दिसतात. मग जमल्यास उघडे पंख, मग ज्या पानावर बसलं आहे ते पान, आणि शेवटी परिसराचा एक रुंद फोटो. मूळ फोटो काटछाट न करता जपून ठेवा, कारण तारीख आणि वेळ त्यातच असते. वहीत ठिकाण, उंची, हवा, वनस्पती आणि फुलपाखरू काय करत होतं हे लिहा. मिलिंद भाकरे आणि हेमंत ओगले यांचं पश्चिम घाटातल्या फुलपाखरांवरचं 2018 चं इंग्रजी पुस्तक सोबत असावं. त्यात अळ्यांच्या वनस्पतींचीही माहिती आहे. घरी आल्यावर ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ किंवा ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर नोंद टाका. तिथे जाणकार ओळख तपासतात, आणि तुमची नोंद देशाच्या नकाशावर जाते.

‘नवीन’ म्हणण्याआधी

ओळख पटत नाही अशा फुलपाखराचा फोटो हाती आला की नवी जात सापडल्याची बातमी देण्याची घाई होते. ती करू नका. ऋतूप्रमाणे एकाच जातीचं रूप बदलतं. कॉमन ईव्हनिंग ब्राउनचं पावसाळी रूप आणि कोरड्या दिवसांतलं वाळक्या पानासारखं रूप शेजारी ठेवलं तर ती एकच जात आहे हे पटत नाही. नर आणि मादी वेगळे दिसतात. कॉमन मॉर्मनच्या माद्यांची काही रूपं तर चक्क दुसऱ्या, विषारी फुलपाखरांची नक्कल करतात. नवी जात ठरायला पंखांच्या नक्षीखेरीज जननेंद्रियांची रचना, जवळच्या जातींच्या संग्रहालयातल्या नमुन्यांशी तुलना आणि आताशा जनुकीय पुरावा लागतो. हे काम परवाना असलेल्या संशोधकांचं आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पुण्यातलं भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र किंवा बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्याशी फोटोसह संपर्क साधावा.

नवी जात खरोखरच सापडते तेव्हा मागे बरीच वर्षं गेलेली असतात. तामिळनाडूतल्या मेघमलई डोंगरातून 2023 मध्ये सिल्व्हरलाइन गटातली एक नवी जात जगापुढे आली. ढगांनी वेढलेल्या उंचावरच्या रानात राहते म्हणून तिला क्लाउड फॉरेस्ट सिल्व्हरलाइन म्हणतात. पश्चिम घाटात तीन दशकांहून अधिक काळाने फुलपाखराची नवी जात नोंदली गेली होती, आणि ती शोधणारे केरळ-तामिळनाडूतले, त्याच डोंगरांत वर्षानुवर्षं फिरणारे निसर्ग अभ्यासक होते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून नवी जात नोंदली जाणार नाही. पण ज्ञात फुलपाखरांपैकी कितीतरी जातींची अळी कुठल्या वनस्पतीवर असते, ती किती दिवसांनी कोषात जाते, ती मुंग्यांबरोबर राहते का, याची आपल्या भागातली माहिती अपुरी आहे. ती शाळेतला शिक्षक, बागायतदार, वनरक्षक, कुणीही भरून काढू शकतो. या शोधाला नव्या जातीएवढीच किंमत आहे आणि संवर्धनाच्या कामाला तर तोच आधी लागतो.

दुर्मीळ जातीची जागा नेमकी सांगू नका. व्हॉट्सॲप गटावर लोकेशन पडलं की पुढच्या रविवारी त्या ओढ्यात गाड्या उभ्या राहतात, फोटोसाठी फांद्या वाकवल्या जातात, आमिष म्हणून दारू शिंपडली जाते. तालुक्यापर्यंतचं नाव पुरे. संकेतस्थळांवर जागा अंधुक ठेवायची सोय असते, ती वापरा. चोरटा व्यापारही खरा आहे: 2008 मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मधला आहे आणि त्याच्या बदललेल्या अनुसूची 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. अनुसूचीतलं फुलपाखरू विनापरवाना पकडणं, मारणं, टाचणीला लावून संग्रही ठेवणं हा गुन्हा आहे. जाळी घरीच ठेवा. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात जाण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, आणि आपली यादी नंतर त्यांनाही द्या.

जपताना

ब्रिटनमधल्या लार्ज ब्लू या फुलपाखराची हकीकत प्रत्येक संवर्धकाने लक्षात ठेवावी अशी आहे. ते घटत चाललं तेव्हा दोष संग्राहकांवर ठेवला गेला, त्याच्या काही जागांना कुंपणं घातली गेली. तरीही 1979 मध्ये ते तिथून नाहीसं झालं. कारण जेरेमी थॉमस यांच्या अभ्यासातून पुढे आलं. या फुलपाखराची अळी काही दिवस पुदिन्याच्या कुळातल्या वाइल्ड थाइमच्या झुडपावर काढते आणि मग एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलीच समजून वारुळात नेतात. तिथे ती मुंग्यांची पिल्लं खाऊन वाढते. त्या मुंग्यांना ऊन लागणारी तापलेली जमीन हवी असते, म्हणजे गवत आखूड हवं. कुंपणांमुळे गुरं आत येईनात, रोगाने ससे मेले, गवत वाढलं, जमीन गारठली, त्या मुंग्या गेल्या आणि फुलपाखरूही गेलं. 1983 पासून स्वीडनमधून अळ्या आणून आणि चराई पुन्हा सुरू करून ते परत वसवण्यात आलं. आपल्याकडच्या सिल्व्हरलाइनच्या अळ्याही मुंग्यांच्या सोबतीने वाढतात. त्यांचं झाड राखलं आणि त्याच्यावरच्या मुंग्या औषध मारून घालवल्या तर काय उरेल?

तेव्हा जपायचं म्हणजे आधी झाडांवर हात टाकायचा नाही. कोकणात काजूच्या बागा साफ करताना तणनाशक फवारतात, आणि बांधावरची ईश्वरी, वाघाटी, हरणदोडी तणाबरोबर जळून जातात. बांधाला फवारा लागू देऊ नका. तिथे कोयत्याने काम भागतं. पावसाळा संपल्यावर रस्त्याकडेची झाडी कापायला मजूर येतात, तेव्हा बहुतेक अळ्या पानांवरच असतात. ज्या वळणावर चांगल्या वेली आहेत तिथली कापणी हिवाळा सरेपर्यंत लांबवावी, अशी लेखी विनंती ग्रामपंचायतीमार्फत करता येते. देवराईचा जीर्णोद्धार करताना मोठी झाडं सहसा राखली जातात. मोडीत निघतं ते खालचं झुडूप. फरशा बसतात, आवार लख्ख होतं, आणि माकडलिंबू, वेली, बांबूचं बेट गेल्यामुळे राई वरून हिरवी आणि खालून मोकळी उरते. गावकीच्या बैठकीत हे आधी बोललं पाहिजे, काम सुरू झाल्यावर बोलून उपयोग नाही.

कागदावरचं काम कंटाळवाणं वाटलं तरी तेच टिकतं. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या गावातली नोंदवही मागून पाहा. पुष्कळदा तिच्यात पिकं आणि पाळीव जनावरं असतात, फुलपाखरांना दोन ओळी मिळालेल्या असतात. तुमच्या यादीसोबत खाद्यवनस्पतींच्या जागा तिच्यात ग्रामसभेतून नोंदवून घ्या. एवढीशी जागा एका छोट्या जिवासाठी राखली जाऊ शकते, याचं उदाहरण जवळच आहे: आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाला 2021 मध्ये जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तो तिथे सापडलेल्या बोटभर माशाच्या नव्या जातीमुळे. फुलपाखरांचं गाव म्हणून ओळख मिळवलेलं, आंबोली घाटाच्या पायथ्याचं पारपोलीही एकदा पाहून यावं. पाहुणे आले की गावाला उत्पन्न होतं आणि झाडी राखायला कारण मिळतं.

लावणीबद्दल शेवटी मुद्दाम लिहितो, कारण उत्साहात इथेच नुकसान होतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर रिचमंड बर्डविंग हे आपल्या सदर्न बर्डविंगच्या नात्यातलं फुलपाखरू आहे. बागांमध्ये दक्षिण अमेरिकेतली एक शोभेची वेल पसरली. माद्यांना ती आपली वाटे, त्या तिच्यावर अंडी घालत, आणि अळ्या पहिल्या घासांतच विषाने मरत. 1990 च्या दशकात शाळकरी मुलांसह हजारो लोकांनी परकी वेल उपटून मूळची वेल लावायला घेतली. आपल्या रोपवाटिकांतही बदकवेल म्हणून ईश्वरीच्या कुळातल्या परदेशी शोभेच्या जाती विकायला असतात. बर्डविंगच्या मुलखात, म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिण भागात आणि गोव्यात, त्या लावू नका. लावल्या असतील तर काढा. फुलपाखरं पिंजऱ्यात वाढवून लग्नात किंवा उद्घाटनाला सोडणं हाही त्यांचा छळच आहे. त्याला संवर्धनाचं नाव देऊ नये.

देशी ईश्वरी लावायची तर बी जवळच्याच रानातलं घ्या. तिची फळं पिकली की उलट्या छत्रीसारखी उघडतात आणि आतल्या चपट्या बिया वाऱ्याने उडतात, म्हणून फळ तपकिरी होऊ लागताच त्याला मलमलीची पिशवी बांधा. सगळी फळं काढू नका, मूळ तर मुळीच खणू नका. औषधासाठी मुळं खणून नेल्यामुळेच ती अनेक जागी विरळ झाली आहे. रोप अर्धवट सावलीत, चढायला आधार मिळेल अशा कुंपणाकडेला लावा. आणि अळ्यांनी वेल ओरबाडून खाल्ली तरी औषध मारू नका. मूळ जिवंत असलं की ती पुन्हा पालवते.